समकालीन कागद म्हणजे खात्रीचा पुरावा?

‘समकालीन कागदात असेल ते खरं, नंतर लिहिलेलं सगळं रचलेलं.’ इतिहासाचा निबंध लिहिणाऱ्या मुलांपर्यंत हा सल्ला वर्षानुवर्षं पोचतो आहे. त्यात तथ्य आहेच: घटनेच्या जवळचा कागद आधी बघावा. पण जवळचा म्हणजे निःपक्ष नव्हे.

जानेवारी 1664 मधली सुरतेची लूट घ्या. तिथल्या वखारीतल्या इंग्रजांनी तेव्हाच पत्रं लिहिली. पण कुणाला? आपल्याच मालकांना. वखार आपण कशी राखली हे सांगण्यात त्यांचं हित होतं. म्हणून वखारीभोवती काय घडलं, भीती किती होती, यासाठी ही पत्रं मोलाची. शहरातून नेमकी किती लूट गेली, यासाठी तेवढी नाहीत. तो आकडा बराचसा ऐकीव असणार.

उलट सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर काही वर्षांनी, राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेली. तारखांसाठी तिच्यावर विसंबू नये. पण दरबारातल्या माणसाला राज्याची घडी कशी दिसत होती, ते तिच्यातून कळतं. म्हणून ती बाद करणं मला अजिबात पटत नाही.

तेव्हा साधन हाती आलं की विचारा: लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलं की ऐकलं? कुणासाठी लिहिलं? सुरतेत डचांचीही वखार होती. त्यांची नोंद जुळते का? जुळली तर एकाने दुसऱ्याचंच ऐकून लिहिलं नाही ना, तेही तपासा. आणि निबंधात ‘असं घडलं’ऐवजी ‘इंग्रजांनी वरिष्ठांना असं कळवलं’ असं लिहा.