फुल रेंज ड्रायव्हरचे आकडे सुटे वाचू नका

फुल रेंज स्पीकरच्या खोक्यात एकच ड्रायव्हर, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग, असतो. खर्जासाठी वेगळा वूफर नाही, वरच्या स्वरांसाठी ट्विटर नाही, त्यामुळे दोघांत आवाजाची वाटणी करणारा क्रॉसओव्हरही नाही. दोन ड्रायव्हरच्या स्पीकरांत ही वाटणी बहुधा २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास होते, आणि माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तोही साधारण याच पट्ट्यात. तिथे सांधा नसला की गाणाऱ्याचा आवाज एका जागेवरून, अखंड येतो. बाकी उणिवा कितीही असोत, या एका गुणासाठी मी फुल रेंजच्या बाजूने उभा आहे.

बनवायलाही तो सोपा: सहा फळ्या, एक भोक, दोन तारा. घोडं अडतं ते ड्रायव्हर निवडताना. डेटाशीटवर, म्हणजे ड्रायव्हरसोबतच्या माहितीपत्रकावर, पंधरा-वीस आकडे असतात आणि नवखा माणूस ते गुणपत्रिकेसारखे वाचतो. संवेदनशीलता (तेवढ्याच विजेवर निघणारा आवाज) जास्त तर चांगलं, चुंबक मोठं तर चांगलं, अनुनाद वारंवारता कमी तर चांगलं. पण हे आकडे एकमेकांत गुंतलेले असतात. एक ओढला की बाकीचे सरकतात.

आज वापरतो तो कॉइल (चुंबकात हलणारं तारेचं वेटोळं) आणि कोनचा (त्याला जोडलेल्या शंकूसारख्या पडद्याचा) स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडला. तरी कोणत्या ड्रायव्हरला केवढा खोका, हे पुढे कित्येक वर्षं बरंचसं अंदाजानेच ठरत असे. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी ड्रायव्हर आणि खोका मिळून एक फिल्टर आहे असं धरून गणित मांडलं, आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं. डेटाशीटवरचे एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे त्या दोघांचे पॅरामीटर. एफएस म्हणजे अनुनाद वारंवारता, मोकळ्या हवेत कोन ज्या वारंवारतेला आपणहून डोलतो ती. व्हीएएस म्हणजे कोनच्या बसवणीइतकीच लवचीक असणारी हवा, लिटरमध्ये. क्यूटीएस सांगतो की अनुनादाच्या वेळी कोनला लगाम किती आहे. आकडा लहान तेवढा लगाम घट्ट. हा लगाम मुख्यतः चुंबकाचा असतो, कारण चुंबकीय क्षेत्रात हलणारी कॉइल स्वतःच वीज निर्माण करते आणि ती वीज हालचालीला विरोध करते.

आता १० सेंटीमीटरचे दोन ड्रायव्हर घेऊ. दोघांचा एफएस ८० हर्ट्झ, व्हीएएस ६ लिटर, कोन सारखाच. फरक फक्त चुंबकाचा: पहिल्याचा क्यूटीएस ०.४, दुसऱ्याचा ०.८. सूत्रात घातलं तर पहिल्याची संवेदनशीलता सुमारे ९०.५ डेसिबल येते आणि दुसऱ्याची सुमारे ८७. गुणपत्रिका पाहणारा डोळे मिटून पहिला उचलेल. पण तो बंद खोक्यात बसवा. खोक्यासकटचा क्यू, म्हणजे आतली हवा धरून तोच लगामाचा आकडा, ०.७ च्या आसपास आला की खर्ज सपाट राहून नीट उतरतो. त्यासाठी पहिल्याला फक्त २.८ लिटरचा खोका लागतो, आणि आवाज १४१ हर्ट्झलाच ३ डेसिबलने खाली येतो. खोका वाढवून ६ लिटरचा केला तर? सगळ्यांना वाटतं खर्ज वाढेल. प्रत्यक्षात ती ३ डेसिबलची खूण १४८ हर्ट्झवर सरकते! त्याखालचा उतार थोडा सौम्य होतो, एवढाच लाभ. घट्ट लगामाच्या ड्रायव्हरला बंद खोका मानवत नाही. त्याला पोर्ट (हवा ये-जा करणारी नळी) असलेला रिफ्लेक्स खोका द्यावा. लोदर कंपनीच्या ड्रायव्हरांसारख्या फार जबरदस्त चुंबकाच्या ड्रायव्हरांना तर मागून हॉर्नच, म्हणजे रुंदावत जाणारा भोंगा, जोडतात. दुसऱ्या ड्रायव्हरचा क्यू बंद खोक्यात ०.८ च्या खाली जाऊच शकत नाही, खोका केवढाही करा. तो मात्र खोक्याविना, नुसत्या रुंद फळीवर छान वाजतो.

म्हणून मी आधी खोका ठरवतो आणि मग त्याला साजेसा ड्रायव्हर शोधतो.

एफएस कमी असलेल्या ड्रायव्हरचा मोहही तपासून घ्यावा. कोन आणि कॉइलचं वजन दुप्पट केलं की ८० हर्ट्झचा एफएस ५७ वर येतो, पण संवेदनशीलता ६ डेसिबलने घसरते. म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी अँप्लिफायरकडून चौपट शक्ती हवी. संवेदनशीलता कशी मोजली तेही बघा. ती बहुधा २.८३ व्होल्टवर देतात. ८ ओहमच्या ड्रायव्हरमध्ये तेव्हा १ वॅट जातो, ४ ओहमच्यात २ वॅट, आणि ३ डेसिबल फुकटात पदरी पडतात.

सर्वांत कमी वाचला जाणारा आकडा एक्समॅक्स: कोन मधल्या जागेपासून एका बाजूला किती मिलिमीटर शुद्धपणे हलू शकतो. आपल्या ड्रायव्हरचं हलणारं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस सेंटीमीटर. भिंतीत बसवून १ मीटरवर १०० हर्ट्झचा ९० डेसिबल आवाज काढायचा तर कोनला सुमारे २.४ मिलिमीटर हलावं लागतं. ५० हर्ट्झला तेवढाच आवाज हवा तर ९.५ मिलिमीटर. वारंवारता निम्मी झाली की हालचाल चौपट होते, त्यातून सुटका नाही. रिफ्लेक्स खोक्यात पोर्ट ज्या वारंवारतेला लावलेला असतो तिच्याजवळ हा भार पोर्ट उचलतो, पण त्याखाली कोन मोकाट सुटतो. १९६८ साली आलेल्या बोस ९०१ मध्ये नऊ लहान फुल रेंज ड्रायव्हर होते, त्यामागचं गणितही हेच: क्षेत्रफळ नऊपट झालं की प्रत्येक कोनला नवव्या हिश्श्याएवढंच हलायचं असतं.

मग मोठाच कोन का घेऊ नये? तरंगलांबी कोनच्या परिघाएवढी झाली की आवाज एका दिशेला आवळू लागतो. आपल्या लहान कोनमध्ये हे साधारण १,४०० हर्ट्झपासून सुरू होतं, दुप्पट व्यासाच्या कोनमध्ये ७०० पासूनच. समोर बसणाऱ्याला सगळं ऐकू येतं, बाजूच्याला वरचे स्वर कमी.

डेटाशीटवरचा आलेखही बहुधा १.६५ बाय १.३५ मीटरच्या मोठ्या फळीवर घेतलेला असतो. तुमचा खोका २० सेंटीमीटर रुंद असेल तर साधारण ५७५ हर्ट्झच्या खालचा आवाज खोक्याला वळसा घालून मागे पसरतो आणि समोर हळूहळू ६ डेसिबलपर्यंत कमी होतो. मागची भिंत जवळ असली तर तूट थोडी भरून निघते. ‘फुल रेंज आवाजाला पातळ असतात’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं. एक कॉइल आणि एक रेझिस्टर समांतर जोडून ती जोडी ड्रायव्हरच्या वाटेत टाकली की वरचा आवाज तेवढाच उतरतो आणि तोल साधतो. अर्थात कागदावरची ९०.५ डेसिबल तिथेच खर्ची पडतात.

शेवटी, हातात आलेला नग कागदाबरहुकूम असेलच असं नाही. एक रेझिस्टर, संगणकाचं साऊंड कार्ड आणि मोजणीचं मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर इम्पिडन्सचा, म्हणजे वारंवारतेगणिक विजेला होणाऱ्या अडथळ्याचा, आलेख काढता येतो. त्यातला उंच सुळका म्हणजे एफएस. मग कोनच्या मधल्या टोपीभोवती २ ग्रॅम चिकणमाती हलक्या हाताने चिकटवायची. सुळका डावीकडे सरकतो. तो ८० वरून ५८.५ हर्ट्झवर आला, तर गणित सांगतं की हलणाऱ्या भागाचं सगळं वजन २.३ ग्रॅम आहे. त्यावरून व्हीएएसही निघतो. त्याच आलेखावरून क्यूटीएस काढा. तो ०.४ ऐवजी ०.५ निघाला आणि बाकी आकडे तेच राहिले, तर २.८ लिटरचा खोका थेट ६ लिटरचा होतो, आणि ३ डेसिबलची खूण १४१ वरून ११३ हर्ट्झवर उतरते. चुंबक थोडं कमजोर निघालं, पण बंद खोक्यात खर्ज वाढला.