भीती ऑगस्टात, रोग फेब्रुवारीत

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मामांच्या कपाटातून एक एन-९५ मास्क निघाला. पांढरा, वाटीसारखा फुगीर. २००९च्या ऑगस्टात, स्वाइन फ्लूच्या साथीत, नागपूरच्या धंतोलीतल्या एका औषधाच्या दुकानासमोर तासभर उभं राहून मामांनी तो आणला होता. आठवडाभर वापरल्यावर मामींनी तो कपड्यांच्या पावडरीत धुतला, गच्चीवर वाळवला आणि शालींच्या खाली जपून ठेवला. "एवढा महागाचा, फेकून देता काय जी?" हे त्यांचं म्हणणं. परवा हातात घेतल्याबरोबर त्याचं इलास्टिक तुटलं.

तसा तो पहिल्या धुण्यातच निकामी झाला होता. एन-९५ मास्क नुसता चाळणीसारखा काम करत नाही. त्याच्या धाग्यांमध्ये स्थिर विद्युतभार भरलेला असतो आणि चाळणीतून सहज निसटतील इतके बारीक कण त्या भाराने ओढले जाऊन धाग्यांना चिकटतात. साबणाने तो भार निघून जातो. दिसायला मास्क तोच राहतो, पण त्यातला मुख्य पहारेकरी गेलेला असतो. एकदा वापरून टाकायच्या वस्तू जपून ठेवण्याची आपली सवय भली, पण इथे ती चालत नाही.

धुतलेल्या मास्कपेक्षा मला त्या मास्कच्या तारखेची गंमत वाटते. तो आणला २००९मध्ये. मामा स्वाइन फ्लूने दवाखान्यात भरती झाले २०१५च्या फेब्रुवारीत. त्या वेळी तो मास्क कपाटातच होता आणि कोणालाही त्याची आठवण झाली नाही.

२००९चा ऑगस्ट आठवतो? एप्रिलमध्ये मेक्सिको आणि कॅलिफोर्नियात नवा एच१एन१ विषाणू, म्हणजेच स्वाइन फ्लूचा विषाणू, सापडला. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ जाहीर केली. ३ ऑगस्टला पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला, तोही एका शाळकरी मुलीचा. मग काय विचारता! पुण्यात तपासणीसाठी रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या, आणि टीव्हीवर आकडा दर तासाला वाढू लागला. नागपुरातही लोक तोंडाला रुमाल बांधून स्कूटर चालवत आणि ऑफिसात शिरल्यावर तो सोडून खिशात घालत. वास्तविक उलटं करायला हवं होतं. कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या झाल्या. गल्लीतली डुकरं पकडा म्हणून ओरड झाली. नावात डुक्कर आल्याचा हा परिणाम. इजिप्तने तर तेव्हा देशातली सगळी डुकरं, म्हणजे सुमारे तीन लाख, मारायला काढली. हा विषाणू डुकरांमधल्या विषाणूंच्या जनुकांची सरमिसळ होऊन तयार झाला हे खरं. पण एकदा माणसात शिरल्यावर तो पसरत होता माणसाच्या खोकल्यातून. त्याच महिन्यात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबत, म्हणजे रोगराई सोबत घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, निघाली. "इडा पिडा, खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत" ही आरोळी नागपूरकर दरवर्षी देतातच. त्या वर्षी ती देताना बाजूचा कोणी खोकला, तर लोक दोन पावलं सरकत होते एवढाच फरक.

दिवाळीपर्यंत मामांचा सूर बदलला होता. "काही नाही ना बाप्पा, गोळ्या खपवून राहिले सगळे."

आता आकडे पाहू. सरकारी नोंदीप्रमाणे २००९मध्ये भारतात एच१एन१चे २७,२३६ रुग्ण आढळले आणि ९८१ मृत्यू झाले. २०१०मध्ये, म्हणजे टीव्ही दुसऱ्या विषयाकडे वळल्यावर, रुग्ण २०,६०४ आणि मृत्यू १,७६३. जवळपास पावणेदोन पट. २०१५मध्ये रुग्ण ४२,५९२ आणि मृत्यू सुमारे ३,०००. २००९मध्ये जे घडेल म्हणून सगळे धास्तावले होते, ते खऱ्या अर्थाने घडलं सहा वर्षांनी. त्या जानेवारी-फेब्रुवारीत नागपूर हे राज्यातल्या सर्वाधिक फटका बसलेल्या शहरांपैकी एक होतं. तेव्हा मात्र लोक भीतीला कंटाळलेले होते. मामांना ताप आला, दम लागू लागला, तरी चार दिवस घरी काढा चालला. स्वाइन फ्लू ही त्यांच्या लेखी जुनी, उघडी पडलेली अफवा होती.

भीती बातमीच्या मागे धावते आणि विषाणू त्याच्या गतीने येतो. दोघांची गाठ क्वचितच पडते.

या आकड्यांत आणखी एक खोड आहे. मृत्यूंना रुग्णांनी भागून पाहा. २००९मध्ये शंभर रुग्णांमागे साडेतीन मृत्यू येतात. २०१०मध्ये साडेआठ. आणि २०१४मध्ये, जेव्हा ९३७ रुग्ण आणि २१८ मृत्यू नोंदले गेले, तेव्हा शंभरामागे तेवीस! म्हणजे पाच वर्षांत विषाणू सहापट घातक झाला? मुळीच नाही. भागाकारात वरचा आकडा जेवढा बोलतो, तेवढाच खालचाही बोलतो, आणि इथे खालचा आकडा दर वर्षी वेगळ्या मापाने मोजलेला आहे. सुरुवातीला परदेशातून आलेला, साधा ताप असलेला माणूससुद्धा तपासला जात होता. ऑगस्ट २००९मध्येच केंद्राने रुग्णांचे अ, ब, क असे गट केले आणि तपासणी मुख्यतः क गटापुरती, म्हणजे दम लागलेल्या, भरती करावं लागणाऱ्या रुग्णांपुरती ठेवली. हे शहाणपणाचंच होतं, कारण अ आणि ब या तुलनेने सौम्य गटांचे उपचार तपासणीवर अवलंबून नव्हते. पण त्यामुळे नोंदवहीत फक्त अत्यवस्थ माणसंच उरली. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, अतिदक्षता विभागाबाहेर उभं राहून नागपुरातल्या लोकांची तब्येत ठरवावी, तसा हा हिशेब.

रक्तातल्या प्रतिपिंडांच्या, म्हणजे लागण झाल्यावर शरीर तयार करतं त्या संरक्षक प्रथिनांच्या, तपासण्यांवरून नंतर कळलं की ज्या देशांत अभ्यास झाले, तिथे पहिल्या वर्षात साधारण पाचातल्या एकाला या विषाणूची लागण होऊन गेली होती. बहुतेकांना ते कळलंही नाही. तो खरा छेद, म्हणजे भागाकारातला खालचा आकडा. तो धरला, तर मृत्यूचं प्रमाण हजारात एकाहूनही कमी येतं.

म्हणजे मामांचं "काही नाही ना बाप्पा" बरोबर होतं? इथे वरच्या आकड्याकडेही संशयाने पाहावं लागतं. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले जगभरातले मृत्यू होते सुमारे १८,५००. याच आकड्यावर लोक हसले. पण ज्या खेड्यात घशाचा नमुना घ्यायलाच कोणी नाही, तिथला मृत्यू त्यात येणार कसा? २०१२मध्ये शास्त्रज्ञांनी अंदाज बांधला तो दीड लाख ते पावणेसहा लाखांचा. दरवर्षीच्या साध्या फ्लूनेही जगात साधारण एवढेच लोक जातात. फरक वयाचा. साध्या फ्लूत बहुतेक म्हातारे जातात. या साथीत गेलेल्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के पासष्टच्या आतले होते, आणि गरोदर बायकांना धोका विशेष होता. म्हाताऱ्यांच्या शरीराला या विषाणूच्या जुन्या नातेवाइकांची ओळख होती. १९१८च्या विषाणूची वंशावळ १९५७पर्यंत माणसांत फिरत होती, आणि त्या काळात बालपण गेलेल्यांच्या रक्तात ती आठवण पन्नास वर्षांनी कामाला आली. आमच्या आजीला शेवटपर्यंत काही झालं नाही, तिच्या मुलाला झालं.

आता मामांच्या संशयाबद्दल. मला तो मूर्खपणाचा वाटत नाही. १९७६मध्ये अमेरिकेत फोर्ट डिक्सच्या लष्करी तळावर स्वाइन फ्लूने एक सैनिक दगावला. सरकारने धसका घेऊन चार कोटींहून अधिक लोकांना लस टोचली. साथ आलीच नाही. उलट लस घेतलेल्यांत लाखामागे साधारण एकाला गीलन-बारे नावाचा, स्नायू लुळे पडण्याचा आजार जास्तीचा झाला, आणि डिसेंबरात मोहीम गुंडाळावी लागली. २००९च्या साथीतही युरोपात वापरलेल्या एका लसीनंतर काही मुलांना अनावर झोपेचा विकार जडला. फ्लूवरच्या ज्या गोळ्यांचे सरकारांनी साठे केले, त्या ऑसेल्टामिव्हिरच्या चाचण्यांची सगळी कागदपत्रं स्वतंत्र संशोधकांना मिळायला वर्षं लागली. ती मिळाल्यावर २०१४मध्ये निष्कर्ष निघाला की मोठ्यांमध्ये लक्षणं सात दिवसांऐवजी सहा-सव्वासहा दिवसांत कमी होतात. फायदा आहे, पण टीव्हीवर वाटत होता तेवढा नाही.

जागतिक साथीच्या व्याख्येवरूनही गदारोळ झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतस्थळावर आधी या शब्दाच्या वर्णनात प्रचंड संख्येने मृत्यू आणि आजार यांचा उल्लेख होता. मे २००९मध्ये तो काढण्यात आला. महिन्याभराने साथ जाहीर झाली आणि संशयाला आयतं निमित्त मिळालं. जाहीर करताना संघटनेला सांगायचं होतं ते एवढंच, की विषाणू नवा आहे आणि अनेक देशांत पसरतो आहे. किती घातक, हा प्रश्न वेगळा. पण मराठीत आपण त्याला महामारी म्हणून मोकळे झालो. शब्दातच मारी! ऐकणाऱ्याने प्रेतांचे ढीग डोळ्यांपुढे आणले, आणि ते दिसले नाहीत तेव्हा आपण फसवले गेलो असं त्याला वाटलं. माझ्या मते वर्तमानपत्रांनी तेव्हा जागतिक साथ हाच शब्द वापरायला हवा होता.

नागपूरची एक खास समजूतही राहिलीच. "आपल्या पंचेचाळीस डिग्रीत कोणता विषाणू टिकते?" हे निम्मं खरं आहे. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या गिनीपिगवरच्या प्रयोगांत दिसलं की थंड, कोरड्या हवेत फ्लू झपाट्याने पसरतो आणि तीस अंशांच्या तापमानात हवेतून पसरणं थांबतं. पण पुढच्या प्रयोगात त्याच तापमानात जवळच्या संपर्कातून तो पसरलाच. शिवाय मे महिन्यात नागपूरकर उन्हात असतो कुठे? पडदे ओढून, वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरपुढे, एका खोलीत सहाजण. आणि पाऊस लागला की महाराष्ट्रात फ्लूचा हंगाम पुन्हा डोकं वर काढतो, तेव्हा पंचेचाळीस डिग्रीची ढाल गेलेली असते.

आजी फ्लूला कधी फ्लू म्हणाली नाही. तिच्या आईकडून ऐकलेला शब्द होता मानमोडी. १९१८ची ती साथ जूनमध्ये मुंबईत आली तेव्हा सौम्य होती, चार दिवसांचा ताप. दुसरी लाट सप्टेंबरनंतर आली आणि तिने देशात एक कोटीहून अधिक माणसं नेली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक, आणि नागपूर त्याची राजधानी. १९२१च्या जनगणनेत आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या आधीच्या मोजणीपेक्षा कमी भरली. तसं त्याआधी किंवा नंतर कधी झालेलं नाही. जूनमध्ये ज्यांनी "चार दिवसांचा तर ताप" म्हणून खांदे उडवले असतील, ते जूनपुरते चुकीचे नव्हते.

मामा २०१५मध्ये आठ दिवस ऑक्सिजनवर काढून घरी आले. तेव्हापासून दर वर्षी मृगाच्या आधी फ्लूची लस घेतात. विषाणू रूप बदलतो म्हणून लसही बदलते, आणि टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात, हे आता तेच शेजाऱ्यांना समजावून सांगतात. जमून आलेल्या वर्षीसुद्धा ती चाळीस ते साठ टक्केच उपयोगी पडते, हेही सांगतात. यंदा मीच त्यांना गाडीवर घेऊन गेलो होतो. बाही खाली करत बाहेर आले, बिल दोनदा वाचलं आणि म्हणाले, "कंपन्यांचा धंदा आहे हा सारा. पुढच्या वर्षी आठवण दे रे."