शाळेतल्या मुलावर अत्याचार झाला तर तक्रार कशी द्यायची: पात्रता, प्रक्रिया, कागदपत्रे

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सोबत काय काय आणायचं? तक्रार द्यायला एकही कागद लागत नाही. आधार कार्ड घरी राहिलं, जन्मदाखला गावाकडे आहे, म्हणून पोलीस ठाण्याच्या दारातून परत फिरू नका. कागदांचं काम नंतरचं आहे.

पोक्सो कायदा (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा, २०१२) १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे, मुलगी असो वा मुलगा. बारावीतल्या मुलाला आता अठरा पूर्ण झाली असतील, तरी घटनेच्या दिवशीचं वय धरतात. तक्रार कोणीही देऊ शकतं: मूल स्वतः, आई-वडील, शेजारी, वर्गशिक्षक, रिक्षावाले काका. नुसता दाट संशय असला तरी चालतो, पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. आणि प्रामाणिकपणे दिलेली माहिती पुढे सिद्ध झाली नाही, तरी कायदा तुम्हाला हात लावत नाही.

शाळेला मात्र निवड नाही. 'आधी आमची समिती चौकशी करेल, मग बघू' हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला, तर शिक्षा वर्षापर्यंत. शाळेचं नाव खराब होईल, हे कारण कायद्यात कुठेच नाही.

शाळेतली तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची सखी सावित्री समिती (शासन निर्णय, मार्च २०२२) यांचा उपयोग आहेच, पण पेटी कुठे टांगली आहे ते एकदा जाऊन बघा. मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, वर कॅमेरा, किल्ली शिपायाच्या खिशात. अशा पेटीत वहीचं शेवटचं पान फाडून कोण चिठ्ठी टाकेल? पालक सभेत एवढंच विचारा की पेटी कोण उघडतं आणि कोणासमोर. बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांवर पुन्हा जोर दिला. पडताळणी कंत्राटी माणसांचीही हवी, पोक्सो नियम २०२० तेच सांगतात. सफाईवाले, बसचालक त्यातून सुटत नाहीत.

आता प्रत्यक्ष तक्रार. जवळचं कुठलंही पोलीस ठाणं चालतं, हद्दीचा वाद घालू देऊ नका. फोन करायचा तर १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन क्रमांक). तक्रार लिहून घेतल्यावर वाचून दाखवायला सांगा, नोंद क्रमांक घ्या, एफआयआरची प्रत मोफत मिळते ती हातात घेऊनच निघा. मुलाला ठाण्यात नेलंच पाहिजे असं नाही. जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे, त्याच्या विश्वासातल्या माणसासमोर, शक्यतो महिला उपनिरीक्षक घेतात, आणि त्या गणवेशात नसतात. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. समितीकडून मुलासाठी सहाय्यक व्यक्ती, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलाला साथ देणारी व्यक्ती, मिळू शकते. ती मागून घ्या, पुढच्या तारखांना तिचा फार आधार होतो.

वैद्यकीय तपासणी एफआयआरच्या आधीही होते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात. प्राथमिक उपचार सरकारी काय, खाजगी काय, मोफत. कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको.

मग कागद. वयासाठी आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. मनोधैर्य (अत्याचारपीडितांसाठीची राज्य शासनाची योजना) या योजनेची आर्थिक मदत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते. तिथे एफआयआरची प्रत, वैद्यकीय अहवाल आणि बँक पासबुक हाताशी ठेवा.

मुलाचं नाव, फोटो, शाळेचं नाव व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. न्याय मागणारा मेसेजही मुलाची ओळख उघड करणारा ठरू शकतो.

ठाण्यात नोंदच घेतली नाही, तर तोच मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना, शहरात पोलीस आयुक्तांना, स्पीड पोस्टाने पाठवा. पावती जपून ठेवा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायालयात अर्ज करताना तीच लागते.