ग्रे ट्रॉली घेताय? बाकीचे रंग घरी जाऊन ठरवा

“भाऊ, हा तं चुलीतल्या राखेवानी दिसते!” आमच्या किचन ट्रॉल्यांच्या दुकानात ग्रे सनमायक्याचा नमुना पाहून हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो. बोलणाऱ्या बहुतेक वेळा आजीबाई असतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. राखाडी हा शब्दच राखेवरून आला आहे. सूनबाईंना मात्र ग्रेच हवा असतो. दोघींचंही मन राखता येतं, पण त्यासाठी नुसता शटरचा, म्हणजे ट्रॉलीच्या पुढच्या दाराचा, रंग ठरवून भागत नाही. खाली फरशी कोणती, ओटा कोणता, दिवा कोणता, हे सगळं आधी पाहावं लागतं.

ग्रे म्हणजे एक रंग नव्हे

बहुतेक ग्रे सनमायक्यांत काळ्या-पांढऱ्याशिवाय तिसऱ्या रंगाची झाक असते. कुठे निळी, कुठे हिरवट, कुठे तपकिरी. एकटा तुकडा पाहून ती कळत नाही. तीन-चार नमुने कोऱ्या पांढऱ्या कागदावर शेजारी-शेजारी ठेवा, लगेच दिसेल. एक भरून आलेल्या आभाळासारखा निळसर वाटेल, दुसरा नदीतल्या ओल्या रेतीसारखा.

हे आम्हीही ठेच लागूनच शिकलो. सुरुवातीच्या काळात एका घरी निळसर ग्रे ट्रॉल्या बसवल्या. दुकानात नमुना झकास दिसत होता. त्या घरात क्रीम रंगाची दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड फरशी होती. ट्रॉल्या लागल्या आणि चांगली फरशी पिवळी पडल्यासारखी दिसू लागली. घरमालकीण म्हणाल्या, “पोछा मारूनही मळकीच वाटते.” दोष फरशीचा नव्हता, आमच्या निवडीचा होता. निळ्याशेजारी पिवळा ठेवला की तो आणखी पिवळा दिसतो. शेवटी पुढची सगळी शटरं बदलून दिली, अर्थात आमच्या खर्चानं.

तेव्हापासून आमचा नियम असा: क्रीम किंवा बदामी फरशी असेल तर तपकिरी झाकेचा ग्रे. कोटा फरशी बहुधा हिरवट असते, तिच्यावर निळा ग्रे दोन पाहुणे रुसून बसल्यासारखा दिसतो. तिथे हिरवट किंवा रेतीसारखा ग्रे घ्या. पांढऱ्या फरशीवर मात्र निळसर ग्रे खुशाल चालतो. जुनी चिप्सची फरशी असेल तर तिच्यातल्याच एखाद्या ठिपक्याचा ग्रे शोधा. ही युक्ती सहसा फसत नाही.

दिवा बदलला की रंग बदलतो

एलईडीच्या खोक्यावर उजेडाच्या रंगाचा आकडा (केल्विन, K) लिहिलेला असतो. ६५०० म्हणजे पांढराशुभ्र, निळसर उजेड. आपल्याकडे घरोघरी हाच लावतात. ३००० म्हणजे पिवळसर, ४००० मधला. निळसर ग्रे ६५०० च्या उजेडात आणखी थंड होतो, दवाखान्यासारखा वाटतो. ग्रे किचनला आम्ही ४००० सुचवतो, आणि वरच्या कपाटाखाली पट्टी लावायची असेल तर तीही त्याच आकड्याची. दोन जातींचे दिवे एकत्र लावले की एकच शटर वर वेगळं, खाली वेगळं दिसतं आणि फोन आम्हाला येतो.

स्वयंपाकघराला एकच खिडकी असेल, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी, तर गडद ग्रेचा हट्ट सोडा. फारच आवडत असेल तर फक्त खालच्या ट्रॉल्या गडद करा, वरची कपाटं फिकी ठेवा.

ओटा आणि आपलं पाणी

दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट हा आपला खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेला भाग. बोअरच्या पाण्याचा थेंब वाळला की पांढरा डाग सोडतो. पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटवर हे डाग सगळ्यांत आधी दिसतात. काळा ओटा आधीच बांधलेला असेल तर तोडू नका. खाली फिका ग्रे घ्या आणि भांडी घासून झाल्यावर ओटा कोरड्या फडक्यानं पुसायची सवय लावा. काळ्या ओट्याखाली गडद ग्रे लावला तर विहिरीत डोकावल्यासारखं वाटतं.

ओटा नवा होणार असेल तर ठिपक्यांचा, करडा-तपकिरी ग्रॅनाइट ग्रेसोबत छान जातो, आणि पाण्याचे डागही पोटात घालतो. पांढरा संगमरवर फोटोत सुंदर दिसतो, पण लिंबू, चिंच, अंबाडी सांडली की त्याची चकाकी तिथल्या तिथे जाते. हा दगड आंबटाला तोंड देऊच शकत नाही. अंबाडीची भाजी आणि संगमरवर यांतलं एकच निवडा. (आम्ही अंबाडी निवडू.) फिक्या ग्रॅनाइटला सीलर मारून घ्या, नाहीतर तो तेल पितो.

ओट्यामागची टाइल

इथे खरी मारामारी हळदीशी आहे. फोडणीतली हळद टाइलवरून पुसली जाते, पण दोन टाइलांमधल्या पांढऱ्या सांध्यात शिरते. वर साबण लावला की तोच डाग लाल होतो, कारण साबणातल्या क्षाराचा हात लागला की हळद रंग बदलते. म्हणून पांढरा सांधा नको. शटरशी जुळणारा ग्रे सांधा, आणि तोही इपॉक्सीचा, म्हणजे डाग न पिणाऱ्या राळेच्या भरणाचा. टाइल मोठी घ्या म्हणजे सांधेच कमी. रंग मळकट पांढरा किंवा साईसारखा. नक्षी हवीच असेल तर फक्त शेगडीमागे.

चकचकीत की मॅट

चकचकीत शटर उजेड परतवतं, अंधाऱ्या खोलीला फायद्याचं. पण ओरखडा आणि पाण्याचा ओघळ लगेच दाखवतं. मॅट शांत दिसतं, मात्र गडद मॅटवर तेलाच्या बोटांचे ठसे उमटतात. आपल्याकडे चिवडा, शेव, भजी यांना सुट्टी नसते, तेव्हा आम्ही मधल्या ग्रेचं बारीक पोत असलेलं मॅट सुचवतो. फार खोल रेघांचं पोत नको, त्यात पीठ आणि तेल बसतं. शेगडीजवळ पीव्हीसी पापुद्र्याची शटरं आम्ही लावतच नाही. उष्णतेनं पापुद्रा सुटतो.

हँडल: मॅट काळी किंवा पितळी. चकचकीत क्रोम टाळा, खारं पाणी त्याला सोडत नाही. खालची स्कर्टिंग शटरपेक्षा एक छटा गडद, म्हणजे पोछ्याचे शिंतोडे दिसणार नाहीत.

आणि आजीबाईंसाठी

ग्रे एकटा ठेवला की उदास होतो, त्याला लाकूड किंवा पितळ लागतं. जुन्या घराचं सागवानी दार माळ्यावर पडलं असेल तर त्याची फळी रंधून द्या, आम्ही ती वरच्या दोन कपाटांमध्ये उघडी बसवतो. तिच्यावर पितळी डबे, गुंड, तांब्या. रेतीसारख्या ग्रेवर सागवान आणि पितळ असं काही उठून दिसतं की राखेची तक्रार करणाऱ्या आजी स्वतः पाहुण्यांना बोलावून दाखवतात. जुनी फळी नसेल तर लाकडी रेघांचा सनमायका वरच्या कपाटांना लावता येतो. रेघा सगळ्या शटरांवर एकाच दिशेनं घ्यायला मात्र सांगा.

ऑर्डर देण्याआधी

फरशीचा उरलेला तुकडा असेल तर दुकानात घेऊन या. मोबाइलवरचा फोटो रंगाच्या बाबतीत खोटं बोलतो. आम्ही सनमायक्याचे तीन तुकडे दोन दिवसांसाठी घरी देतो. ते आडवे नाही, ट्रॉलीच्या जागी उभे लावून पाहा. एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा दिवा लावल्यावर. एका तुकड्यावर तेलात कालवलेली हळद रात्रभर राहू द्या आणि सकाळी पुसा.

पसंत पडला की सगळा माल एकदम घ्या, वर एक शीट जास्त. कोड तोच असला तरी पुढच्या खेपेची शीट किंचित वेगळी निघू शकते. पुढे एखादं शटर बदलायची वेळ आली तर ती जास्तीची शीट कामी येते.

तुकडे परत आणताना हळद लागलेली असली तरी चालेल.