साठी, पासष्टी आणि वैमानिकाच्या शेजारची खुर्ची

देवबागला एका नातेवाइकांच्या साठीशांतीला गेलो होतो. होम झाला, वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं झालं, आणि मंडळी मांडवातच पान लावत बसली. इतक्यात समुद्रावरून गोव्यातल्या मोपा विमानतळाकडे उतरणारं विमान दिसलं. त्यावरून यजमानांच्या भाच्याने विषय काढला : विमान कंपन्यांना म्हणे वैमानिकांचं निवृत्तीचं वय ६५ वरून ६७ करून हवंय. "साठी बुद्धी नाठी म्हणतात, आणि सदुसष्टीचा माणूस दोनशे जणांना घेऊन उडणार?"

कोपऱ्यातले तांडेलकाका भडकले. "मी भायत्तराचो. काल पाटे खाडीच्या मुखातसून होडी कोणी आणली? मग माझे बुद्धीक काय झाला, सांग बघू!"

भाचा गप्प बसला, पण प्रश्न तसाच राहिला. तो बुद्धीचा मुळी नव्हताच, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

आधी नियम. अमेरिकेने १९५९ साली एअरलाइनच्या वैमानिकांसाठी साठ वर्षांची मर्यादा ठरवली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, २००६ मध्ये ती ६५ केली, पण एक अट घातली : दोघांपैकी एक वैमानिक साठीच्या पुढचा असेल तर दुसरा साठीच्या आतला हवा. २०१४ मध्ये ही अटही काढून टाकली. अमेरिकेने २००७ मध्ये ६५ स्वीकारले, आपल्याकडेही मर्यादा ६५ हीच आहे. जपानने २०१५ पासून ६८ वा वाढदिवस येईपर्यंत मुभा दिली. २०२५ मध्ये विमान कंपन्यांच्या आयाटा या संघटनेने ६७ चा प्रस्ताव आयकाओपुढे ठेवला. भाच्याची बातमी ती हीच.

या सगळ्या आकड्यांमागे मुख्य भीती एकच असते. उडत्या विमानात वैमानिक अचानक कोसळला तर? हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, फिट. विसरभोळेपणा हळूहळू येतो, सहा महिन्यांनी होणाऱ्या सिम्युलेटरच्या, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमधल्या, परीक्षेत तो पकडता येण्याची आशा असते. झटका मात्र आगाऊ कळवून येत नाही. म्हणून त्याच्याशी शक्यतेच्या गणितानेच दोन हात करावे लागतात, आणि ते गणित मला इतकं आवडतं की इथे ते सबंध मांडतो.

१९८० च्या दशकात ब्रिटनमधल्या हृदयरोगतज्ज्ञांनी 'एक टक्क्याचा नियम' पुढे आणला. वर्षभरात अचानक अक्षम होण्याची शक्यता एक टक्क्याच्या आत असेल, तर त्या वैमानिकाला दुसऱ्या वैमानिकाच्या जोडीने उडायला हरकत नाही. शंभरात एक ऐकून पोटात गोळा येतो. पण हा टक्का सबंध वर्षाचा आहे, त्यात झोपेचे, सुट्टीचे, बाजारहाटाचे तासही आले. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे ढोबळमानाने दहा हजार. एक टक्क्याला दहा हजारांनी भागा : एका तासाला शक्यता उरते दहा लाखांत एक.

आता तासाभराचं उड्डाण घ्या. वर गेलेलं विमान कोणी दोन मिनिटं न हाताळताही सरळ जात राहतं. जीव टांगणीला लागतो तो जमीन सोडताना आणि जमिनीला टेकताना, धरून चाला तासातला दहावा भाग. त्या नेमक्या मिनिटांत झटका येण्याची शक्यता झाली एक कोटीत एक. आणि तेव्हाही शेजारी दुसरा वैमानिक बसलेला असतोच. सिम्युलेटरमध्ये मुद्दाम असे प्रसंग घडवून पाहिले, त्यावरून धरलेला अंदाज असा की शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा दुसरा विमान सांभाळून नेतो. कोटीला शंभराने गुणा. शंभर कोटी तासांत एक अपघात. विमानाचा एखादा भाग बिघडून सगळंच संपण्याच्या बाबतीत अभियंते जी कसोटी लावतात, तीच ही.

ती नव्व्याण्णवची किमया जवळून बघण्यासारखी आहे. समजा, कॅप्टन विमान उतरवतोय. सहवैमानिक वेग वाचून दाखवतो, कॅप्टन उत्तर देत नाही. सहवैमानिक पुन्हा हाक देतो. दुसऱ्या हाकेलाही नीट उत्तर आलं नाही, तर हा माणूस आता कामाचा राहिला नाही असं धरायचं आणि नियंत्रण हातात घेतल्याचं मोठ्याने जाहीर करायचं. वरिष्ठ आहेत, रागावतील, असा विचार करायचा नाही. मग केबिनमधल्या कर्मचाऱ्यांना बोलावून त्याचे खांद्याचे पट्टे आवळायचे आणि खुर्ची मागे सरकवायची, म्हणजे तो नियंत्रणांवर पडणार नाही. मोठ्यांपुढे तोंड उघडू नये अशा शिस्तीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही दुसरी हाक फार जड जाते. म्हणूनच ती पुन्हा पुन्हा घोकून घेतात.

गणितात एक मेख आहे. शक्यतांचा असा सरळ गुणाकार घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच चालतो. दोघांनी एकच बिघडलेली कोळंबी खाल्ली तर स्वातंत्र्य संपलं. म्हणून दोन वैमानिकांनी वेगवेगळं जेवण घ्यायची पद्धत अनेक ठिकाणी पाळतात, आणि उड्डाणात वैमानिक आजारी पडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हृदय नसून पोट आहे. पण दोघांची हृदयं एकाच घड्याळावर चालत नाहीत. दोघे साठीचे असले तरी एकाच उड्डाणात दोघांनाही झटका येण्याची शक्यता नगण्यच राहते. माझ्या मते २००६ ची ती जोडीची अट निघाली ते योग्यच झालं. आयाटाच्या प्रस्तावात मात्र ती पुन्हा आली आहे : एक ६५ च्या पुढचा, तर दुसरा आतला. गणिताला तिची फारशी गरज दिसत नाही.

मग वयाने काय बदलतं? बेंजामिन गोम्पर्ट्झ या विमा-गणितज्ञाने १८२५ मध्ये दाखवलं की प्रौढ वयात मृत्यूचा दर ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जातो, ढोबळमानाने दर आठ वर्षांनी. झटक्याचा धोकाही साधारण असाच चढतो असं धरा. ६५ ते ६७ ही दोन वर्षं आठाचा चौथा हिस्सा, म्हणून वाढ दोनच्या चौथ्या मुळाइतकी : १.१९ पट, सुमारे एकोणीस टक्के. ६० ते ६५ मध्ये तीच वाढ दीडपटीहून थोडी जास्त होती. सारखा चढत जाणारा घाट आहे, कुठेही कडा नाही. पासष्टाव्या वाढदिवसाच्या रात्री शरीरात काहीही तुटत नाही.

म्हणूनच साठीशांतीबद्दल बोलणं भाग आहे. नातलग जमले, वडीलधाऱ्यांना ओवाळलं, याचा आनंद मलाही झाला. पण साठीला ग्रह उग्र होतात आणि होमाने शांत होतात, हे खरं नाही. उग्र होतात त्या रक्तवाहिन्या, आणि त्या कितीतरी आधीपासूनच आतून जाड व्हायला लागलेल्या असतात. साठीनंतर वैमानिकाची वैद्यकीय तपासणी दर सहा महिन्यांनी व्हावी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आपल्या यजमानांनी शांतीच्या खर्चातून रक्तदाब, साखर आणि ईसीजीचे पैसे आधी बाजूला काढले असते तर मला जास्त समाधान वाटलं असतं. मी त्यांना तसं सांगितलंही.

यापेक्षा मोठी काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. संगणक इतके हुशार झाले की आता एकच वैमानिक पुरे, अशी हवा तयार केली जात आहे. वरचा गुणाकार पुन्हा बघा. दुसरी खुर्ची रिकामी केली की शंभरने गुणायची पायरीच गळते. शिवाय एकट्याला वर आकाशात झटका आला तरी विमान उतरवायला कोणी नसतं, म्हणून दहाव्या भागाची पायरीही गळते, आणि शंभर कोटींचे दहा लाख उरतात. वय दोन वर्षांनी वाढवल्याने धोका एकोणीस टक्के वाढतो. खुर्ची काढल्याने तो हजार पटीने वाढेल. विमान स्वतःहून सुखरूप उतरवणारं यंत्र त्या नव्व्याण्णव टक्क्यांची जागा घेऊ शकतं, हे आधी कोणीतरी सिद्ध करून दाखवायला हवं.

मांडवात मी हे सगळं सांगितलं तेव्हा अर्धी मंडळी कोटींच्या हिशेबातच गळाली होती. तांडेलकाका मात्र ऐकत होते. पावसाळ्यानंतर खाडीच्या मुखातले वाळूचे पट्टे जागा बदलतात, दरवर्षी वाट नव्याने शोधावी लागते. ती वाट त्यांच्याशिवाय होडीवर आणखी कोणाला ठाऊक आहे का, असं मी विचारलं.

"नातवाक," ते म्हणाले. "दोन वर्सा झाली, मुखात शिरताना सुकाणू तेच्याच हातात देतंय. मी बाजूक बसतंय."