मानद सचिवापासून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यापर्यंत : ऑलिंपिक संघटनेतील एका पदाची पार्श्वभूमी

२६ ऑक्टोबर २०२३ रोजी गोव्यातील फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचे उद्घाटन झाले, तेव्हा ही स्पर्धा ज्या भारतीय ऑलिंपिक संघटनेची, तिच्याकडे पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नव्हता. संयुक्त सचिव कल्याण चौबे त्या पदाचा हंगामी कार्यभार सांभाळत होते. हे पद भरणे इतके अवघड का ठरले, हे समजून घ्यायचे तर ते का निर्माण झाले तिथपासून सुरुवात करावी लागते.

संघटनेची स्थापना १९२७ साली झाली. सर दोराबजी टाटा पहिले अध्यक्ष आणि वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेचे डॉ. ए. जी. नोरेन सचिव होते. आपापला व्यवसाय सांभाळून खेळाची सेवा करायची, ही त्या काळातील हौशी क्रीडा चळवळीची रीत होती आणि गोव्यातील बहुतेक क्रीडा संघटना आजही मानद सचिवांच्या अशाच कष्टांवर उभ्या आहेत. त्या कष्टांचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु राष्ट्रीय पातळीवर निधी आणि स्पर्धांचा पसारा वाढला, तसा निवडून आलेला सरचिटणीसच धोरण ठरवणार, तोच ते राबवणार आणि पुढच्या निवडणुकीची मतेही तोच सांभाळणार, अशी अवस्था झाली.

दिल्लीतील २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील गैरव्यवहाराच्या आरोपांनी या रचनेचे दोष उघडे पाडले. डिसेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने भारताला निलंबित केले. जानेवारी २०१४ मध्ये गोव्यात पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देश-प्रदेशांच्या लुसोफोनिया स्पर्धा झाल्या तेव्हाही ते निलंबन कायम होते आणि पुढच्या महिन्यात सोची येथील हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला भारतीय खेळाडूंना तिरंग्याऐवजी ऑलिंपिक ध्वजाखाली चालावे लागले. पदाधिकाऱ्यांच्या कारभाराची शिक्षा खेळाडूंना भोगावी लागली, ही गोष्ट विसरता कामा नये.

तरीही खरा बदल व्हायला २०२२ उजाडले. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये प्रशासकांची समिती नेमली, सर्वोच्च न्यायालयाने तिला कारभार हाती घेण्यापासून थांबवले, आंतरराष्ट्रीय समितीने पुन्हा निलंबनाचा इशारा दिला आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांच्याकडे घटनादुरुस्तीचे काम सोपवले. १० नोव्हेंबर २०२२ रोजी स्वीकारलेल्या नव्या घटनेने सरचिटणीसपद रद्द केले आणि त्याच्या जागी नियुक्त मुख्य कार्यकारी अधिकारी आणला. तो कार्यकारी परिषदेचा पदसिद्ध सदस्य असतो, पण त्याला मताधिकार नसतो. १० डिसेंबर रोजी पी. टी. उषा अध्यक्ष झाल्या.

जानेवारी २०२४ मध्ये रघुराम अय्यर यांची नियुक्ती जाहीर झाली. राजस्थान रॉयल्ससारख्या व्यावसायिक संघाचा कारभार पाहिलेल्या या अधिकाऱ्याच्या पात्रतेपेक्षा त्यांचे दरमहा सुमारे २० लाख रुपयांचे वेतन आणि नियुक्तीची पद्धत यांवरून वाद पेटला. परिषदेची संमती न घेता निर्णय झाला, असे बहुसंख्य सदस्यांचे म्हणणे होते, तर अध्यक्षांनी हा आरोप फेटाळला. नियुक्तीवर परिषदेचे शिक्कामोर्तब व्हायला जुलै २०२५ उजाडले. ज्या अधिकाऱ्याने पदाधिकाऱ्यांच्या गटबाजीपासून अलिप्त राहून काम करावे, अशी घटनेची अपेक्षा होती, त्याचीच नियुक्ती गटबाजीत सापडली. माझ्या मते यात व्यक्तीपेक्षा प्रक्रियेचा प्रश्न मोठा होता. उमेदवारांची छाननी, वेतनाची मर्यादा आणि परिषदेची मंजुरी या बाबी नाव जाहीर होण्यापूर्वीच लेखी निश्चित झाल्या असत्या, तर दीड वर्ष वाया गेले नसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात मात्र अध्यक्ष आणि खजिनदारांबरोबर सरचिटणीस या पदाचाही उल्लेख आहे. त्यामुळे २०२२ मध्ये रद्द झालेले पद आणि त्याच्या जागी आलेले पद यांचे अधिकार परस्परांशी कसे जुळवायचे, हा प्रश्न संघटनेसमोर उभा राहिला.