अपरिमेयता

अपरिमेयता : दोन पूर्णांकांच्या गुणोत्तराच्या रूपात न मांडता येण्याचा संख्येचा गुणधर्म. या संज्ञेमागचा ‘इररॅशनल’ हा इंग्रजी शब्द रोजच्या बोलण्यात ‘अविवेकी’, ‘तर्काला सोडून’ या अर्थानेही येतो. मराठीत दोन्हींसाठी निराळे शब्द आहेत, हे चांगलेच आहे.

अर्थांची ही जोडी जुनी आहे. ग्रीक ‘लोगोस’ म्हणजे गुणोत्तर आणि विचारही. ‘आलोगोस’ म्हणजे यांपैकी जे नाही ते. अरबीत अशा राशीला ‘असम्म’, म्हणजे बहिरी, म्हटले गेले. √२ सारख्या संख्येला आपण ‘करणी’ म्हणतो. शुल्बसूत्रांतला, म्हणजे यज्ञवेदी रचण्याच्या प्राचीन भारतीय भूमितीग्रंथांतला, हा शब्द चौरस ‘करणाऱ्या’ बाजूसाठी आहे. जादूटोण्याच्या करणीशी त्याचा संबंध नाही.

नाणेफेकीत सलग पाच वेळा छापा पडला, की आता काटाच पडणार असे ठामपणे वाटणे, हा अविवेक. नाण्याला मागचे काही आठवत नाही. संभाव्यता १/२ च राहते. हे ठाऊक असणारेही पैज लावताना चुकतात, म्हणून अविवेक आणि अज्ञान एक मानू नये.

अपरिमेय संख्येत असे काहीच तर्काबाहेरचे नाही. उलट तिची अपरिमेयता निव्वळ तर्काने सिद्ध होते. √२ = प/फ हा अतिसंक्षिप्त अपूर्णांक आहे, म्हणजे प आणि फ या पूर्णांकांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही, असे माना. मग प² = २फ², म्हणून प सम. प = २म घेतल्यास फ² = २म², म्हणजे फ सुद्धा सम. दोघांनाही २ ने भाग जातो, तर अपूर्णांक अतिसंक्षिप्त कसा? गृहीतकच कोसळते. इतकी छोटी आणि इतकी निर्णायक सिद्धता गणितात क्वचितच सापडते.

‘अपरिमेय’ ऐकून ‘अपरिमित’ आठवते, पण √२ अमर्याद नाही, ती १.४१ आणि १.४२ यांच्या मध्येच आहे. शुल्बसूत्रांतील रीतीने तिची किंमत ५७७/४०८ येते. ५७७² = ३,३२,९२९ आणि ४०८² ची दुप्पट ३,३२,९२८. फरक फक्त १ चा! कोणताही अपूर्णांक घेतला तरी हा फरक शून्य होत नाही.

शाळेत π = २२/७ लिहिण्याच्या सवयीमुळे π परिमेय असल्याचा समज होतो. २२/७ ही केवळ जवळची किंमत आहे. नैसर्गिक लॉगरिदमचा पाया असलेल्या e (सुमारे २.७१८) या संख्येची अपरिमेयता गणिती ऑयलरने १७३७ मध्ये, तर π ची गणिती लँबर्टने १७६१ मध्ये सिद्ध केली. e + π अपरिमेय आहे की नाही, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.